बर्फावरची मिनिटं: नवशिक्या हॉकी-पालकांसाठी मार्गदर्शिका

कॅनडातल्या मिसिसागात किंवा ब्रॅम्प्टनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरात दोन-चार हिवाळे गेले की मूल एक दिवस म्हणतं, ‘मला हॉकी खेळायचीय.’ इथली हॉकी बर्फावरची. मेजर ध्यानचंदांच्या हॉकीशी तिचं नातं काठीपुरतं. मूल खेळ शिकतंच. शिकवावं लागतं आई-बाबांना, कारण त्यांचा खेळ वेगळा असतो: ‘आमच्याला किती मिनिटं मिळाली?’ खालच्या पायऱ्या क्रमाने कराव्यात.

साहित्य: जाड जाकीट, थर्मासभर चहा, स्टॉपवॉच असलेला फोन आणि ‘आम्ही आपले गंमत म्हणून आलोय’ असा चेहरा. चेहरा घरूनच करून यावा. रिंकवर जमत नाही.

पायरी १: गणित करा.
गोली (गोलरक्षक) सोडून संघाचे पाच जण एका वेळी बर्फावर असतात. असे पंधरा खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश सामना येतो: ४५ मिनिटांत १५. तीही सलग नाहीत. पाऊण-एक मिनिटाची शिफ्ट जीव तोडून खेळायची आणि धापा टाकत बेंचवर यायचं. म्हणजे उरलेली ३० मिनिटं मूल बसूनच राहणार आणि त्यात कोचचा काही दुष्टपणा नाही. हे पाठ करा. सामना सुरू होताच विसरून जा.

पायरी २: मोजा, पण फक्त आपलं.
दुसऱ्यांची मुलं मोजू नयेत. मोजली तर कधी कधी आपलंच जास्त खेळल्याचं निघतं, आणि तो आकडा कुणाच्याच कामाचा नसतो.

पायरी ३: तत्त्व निवडा.
सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या हाउस लीगमध्ये साधारणपणे सगळ्यांना सारखी संधी द्यायची असते. निवडचाचणीतून जमवलेल्या ‘रेप’ (रिप्रेझेंटेटिव्ह) संघात शब्द बदलतो: तिथे वेळ ‘सारखा’ नसतो, ‘न्याय्य’ असतो. त्यामुळे अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत तीच चार-पाच मुलं पुन्हा पुन्हा उतरतात आणि बाकीची दाराशी बसून जल्लोष करतात. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये कच्च्या लिंबालाही निदान शेवटी का होईना, बॅट मिळायची. आपलं मूल बेंचवर असेल तर समतेवर बोला, बर्फावर असेल तर गुणवत्तेवर. हंगामाच्या मध्यावर ते सुधारलं तर रातोरात बाजू बदला. संकोच नको, आजूबाजूचे सगळे तेच करत असतात.

पायरी ४: जन्मतारीख पाहा.
याला ज्योतिषी लागत नाही. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीतलं दांडगं मूल आणि डिसेंबरमधलं चिमुरडं एकाच गटात येतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की वरच्या पातळीवरच्या हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते. कारण साधं आहे. आठव्या वर्षी अकरा महिन्यांची उंची ‘टॅलेंट’ म्हणून खपते. उंच मुलाची निवड होते, त्याला जास्त मिनिटं, चांगला कोच आणि जास्त सराव मिळतो. चार वर्षांनी ते खरोखरच सरस ठरतं आणि कोच म्हणतो, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ मिनिटं बक्षीस म्हणून वाटली जातात, पण असतात खुराक. डिसेंबरच्या मुलाची आई हे वाचून व्यवस्थेवर चिडते. जानेवारीच्या मुलाची आई म्हणते, ‘आमचा जात्याच चपळ आहे हो.’

पायरी ५: तक्रार करा, पण उद्या.
बऱ्याच संघांत चोवीस तासांचा नियम असतो: सामना संपल्यावर एक दिवस उलटेपर्यंत कोचकडे गाऱ्हाणं न्यायचं नाही. रात्री ईमेल लिहा आणि दुसऱ्या संध्याकाळी वाचा. त्यातली विशेषणं गाळल्यावर काही उरलं, तर पाठवा. कोच बहुधा बिनपगारी असतो आणि संघातल्याच कुणाचा तरी बाबा असतो. ते कुणीतरी किती मिनिटं खेळतं, हे तुम्ही मोजलेलं असणारच. पायरी २ ला एवढा एकच अपवाद मान्य आहे.

पायरी ६: बझर हातात घ्या.
सात-नऊ वर्षांखालची मुलं बहुतेकदा अर्ध्या रिंकवर खेळतात. तिथे अनेक ठिकाणी ठरावीक वेळाने बझर वाजतो आणि सगळी मुलं एकदम बदलतात. बझरला कुणाचा बाबा कोण, हे ठाऊक नसतं. पण तो दाबायला बसवतात एखाद्या पालकालाच, आणि एक दिवस तुमची पाळी येते. घड्याळात वेळ संपलीय, पक (रबरी चकती) तुमच्या मुलाच्या काठीशी आहे आणि समोर गोलपोस्ट मोकळं आहे. दाबा. मग दुसऱ्याचं मूल याच जागी असतानाही दाबा. दोन्ही वेळा अंगठा सारखाच चालला, तर ही मार्गदर्शिका शेजारच्या नव्या पालकांना देऊन टाका. नाही चालला, तर पायरी १ पासून पुन्हा सुरुवात करा. हंगाम लांबलचक असतो.