क्लचची मर्जी

टू-स्ट्रोक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल घालावं, हा प्रश्न कोल्हापुरात मोठ्यानं विचारू नये. रंकाळ्यावर वजन कमी करायला आलेली माणसंसुद्धा थांबतात आणि वजन आहे तिथंच राहतं.

माझ्या भाच्यानं जुनी आरएक्स १०० घेऊन तिची डर्ट बाइक केली. म्हणजे मडगार्ड वर चढवलं, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवलं, बटणाचे टायर घातले आणि आरसे काढून टाकले, कारण मागे कोण आहे हे बघण्याची गरज त्याला वाटत नाही. ऊस तुटून गेलेल्या रानात तो ती उडवतो. ही गाडी १९८५ मध्ये भारतात आली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद अकरा घोड्यांची. पण आमच्याकडची मंडळी तिच्याविषयी बोलायला लागली की घोडे मोजणाऱ्यानं हात आखडता घेतला असावा असंच वाटतं.

ऑइल आणायचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त शिक्षक आहे, आणि निवृत्त माणसाला काउंटरवर उभं राहायची हौस असते असा आमच्या घरचा समज आहे.

"कुठली गाडी, सर?"

"टू-स्ट्रोक."

दुकानदाराचा हात सवयीनं टू-टीच्या बाटलीकडे गेला.

"ते नको. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल द्या."

"गाडी टू-स्ट्रोक म्हणालासा न्हवं?"

"हो. पण इंजिनात नाही घालायचं. गिअरबॉक्समध्ये घालायचंय."

"मग गिअर ऑइल घ्या की!"

"ते नको. इंजिन ऑइलच द्या."

त्यानं आत बसलेल्या वडिलांना हाक मारली.

माझं म्हणणं मात्र सरळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधून पेट्रोल आणि हवा जाते, म्हणून तिथलं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. त्याचा जो निळा धूर निघतो, तो ओढून आमचे पन्नाशीतले मित्र डोळे मिटतात आणि कॉलेजात जाऊन येतात. गिअरबॉक्सचा कप्पा वेगळा. तिथलं ऑइल जळत नाही, धूर होत नाही, त्याच्या वासानं कुणाचं कॉलेज परत येत नाही. पण त्याच कप्प्यात गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकत्र भिजत असतात, आणि खरी भानगड तिथंच आहे. गिअरच्या दात्यांना ऑइल निसरडं हवं. प्लेटांना एकमेकींना धरून ठेवायचं असतं, त्यांना निसरडं चालत नाही. त्यामुळे या ऑइलची अवस्था सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी होते: वरच्या मजल्याला पाणी जास्त पाहिजे आणि खालच्याला गळती नको.

मोटारीच्या नव्या ऑइलात पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. ते क्लचला पाजलं की इंजिन बोंबलतं आणि गाडी आहे तिथंच विचार करत उभी राहते. जपान्यांच्या जॅसो संस्थेनं यावर १९९८ मध्ये मानक काढलं. एमए म्हणजे क्लच धरतो. एमबी म्हणजे जास्त निसरडं, ज्या स्कूटरचा क्लच ऑइलात बुडालेला नसतो तिच्यासाठी. पुढे एमए-टू आलं, ते पकडीला आणखी चांगलं. बाटलीच्या दर्शनी बाजूला ज्वाळा आणि तिरपा झालेला रेसर असतो. एमए-टू ही कामाची अक्षरं मागे, चष्मा पुसल्याशिवाय दिसत नाहीत अशी.

पण अक्षरं वाचतो कोण? गल्लीतल्या तालमीतले एक वस्ताद म्हणाले, "नव्वद नंबर घाला. दाट पाहिजे." आता गिअर ऑइलची नंबरपट्टी वेगळी, इंजिन ऑइलची वेगळी. गरम झाल्यावर गिअरचं नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासाइतकंच दाट भरतं. हे मी त्यांना फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सर, नव्वद ते नव्वद." दुसऱ्यानं जीएल-फाइव्ह सुचवलं. ते मोटारीच्या डिफरन्शियलसाठी, त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं भरपूर. त्यातली काही पितळी बुशांना खातात. तिसरा अमेरिकेचे व्हिडिओ बघणारा. तिकडं मोटोक्रॉसवाले म्हणे मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घालतात. घालतात, हे खरं आहे, आणि बऱ्याच गाड्यांना ते चालतंही. भाच्याला मात्र ते लालभडक असतं एवढंच पटलं होतं.

शेवटी आम्ही उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी खालचा बोल्ट काढला, जुनं ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. दुधाळ झालं तर आत पाणी गेलंय. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी उतरून सायलेन्सर पांढरा धूर सोडायला लागला, तर क्रँकचं सील गेलंय. चमचम दिसली तर दाते झिजतायत.

"ऑइल कुठलंबी घाला," ते म्हणाले, "पर येळंला बदला. जंपा मारायच्या आन ऑइल वर्षानं बघायचं, आसं न्हाई चालत."

कुठलंबी! मी त्यांच्या फळीकडे पाहिलं. तिथं एकाच प्रकारच्या बाटल्या होत्या, वीस डब्ल्यू चाळीस, आणि पाठीवर एमए-टू.

आरएक्सला पुरा लिटर लागत नाही, त्यामुळे बाटलीत थोडं उरलं. बहिणीनं ते घरी बरोबर हेरलं. खालच्या गाळ्याचं शटर फार कुरकुरतं म्हणे.

"ह्यातलं चार थेंब घातलं तर चालेल का रे?" तिनं भाच्याला विचारलं.

"शटरला क्लच आहे का, आई?"

"न्हाई."

"मग नव्वद नंबर घाल."