जोडलेल्या खात्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सर्व अ‍ॅप, वेबसाइट आणि त्यांच्या भगिनी कंपन्या यांजकडे.

विषय : आमची खाती एकमेकांना जोडून दिल्याबद्दल आभार आणि ती तोडून मिळण्याबाबत.

संदर्भ : ‘अटी व शर्ती मान्य आहेत’ हा आपला चौकोन.

महोदय/महोदया,

आपले नाव माहीत नसल्यामुळे मायना असा मोघम घालावा लागला, क्षमस्व. आपल्याला माझे नाव, जन्मतारीख, पॅन, चपलेचा नंबर आणि रात्री फोन कितीला खाली ठेवतो इथपर्यंत सगळे ठाऊक आहे. मला आपला फक्त एक ईमेल सापडला, तोही पानाच्या तळाशी, करड्या रंगात आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी असे म्हटले होते. आपली पोच मिनिटभरात आली. तिच्यात लिहिले होते की हा पत्ता कोणी पाहत नाही, कृपया उत्तर पाठवू नये. म्हणून हे पत्र उघडेच लिहितो आहे. नाहीतरी बंद पाकिटाची पद्धत आपल्याकडे नाहीच.

आधी आभार. गेल्या गणपतीत आरतीला शेजारपाजारची मंडळी जमली होती. आरत्या सगळ्यांना येतात, पण मंत्रपुष्पांजलीपाशी सगळ्यांचीच गाडी अडते, म्हणून मुलाने हॉलमधल्या टीव्हीवर ती लावायला घेतली. टीव्ही उजळला आणि समईच्या शेजारी ओळीने चित्रे उमटली : व्हीआरएस घ्यावी की नाही, पन्नाशीनंतर नोकरी सोडताना कोणते हिशोब करावेत, साहेबांना राजीनाम्याचे कसे सांगावे, आणि कोपऱ्यात मूळव्याधीवर बोलणारे एक वैद्यराज. हे सगळे मी लोकलमध्ये, स्वतःच्या फोनवर, कानात इअरफोन घालून पाहिले होते. टीव्हीवर कधीच नाही. बायको तबक घेऊन उभी होती. तिने टीव्हीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. सोसायटीचे सेक्रेटरीकाका म्हणाले, “मूळव्याधीला सुरण चांगला.” व्हीआरएसबद्दल ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. जो विषय घरात काढायचा कसा, या विचाराने मी झुरत होतो, तो आपण गणपतीच्या साक्षीने, चार लोकांत, काढून दिलात. प्रसाद वाटून होईपर्यंत आमच्या मेव्हण्यांनी ग्रॅच्युइटीचा आकडाही काढला होता.

मुलगा म्हणाला, “बाबा, अकाउंट एकच आहे ना.” त्याच्या दृष्टीने तिथे विषय संपला.

आपल्या बाजूने दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली म्हणजे सोय. ती मी मान्य करतो. प्रत्येक दुकानात नवा पासवर्ड, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि तो मागच्यासारखा नको, या जाचापेक्षा ‘अमुक खात्याने पुढे चला’ हे बटण कोणालाही बरे वाटेल. दुसरी गोष्ट म्हणजे तो जुना प्रश्न : तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? हा प्रश्न विचारणारी माणसे स्वतःच्या बँकेचे पासबुक मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवतात.

मी चाळीत वाढलो. तिथे कोणाचे काय लपून राहत होते? वाण्याला आमची उधारी माहीत होती, डॉक्टरांना वडिलांचे दुखणे, पोस्टमनला कोणाच्या मनीऑर्डरी येणे बंद झाले ते आणि समोरच्या वहिनींना आमचे सकाळचे भांडण. पण वाणी, डॉक्टर, पोस्टमन आणि वहिनी रोज रात्री एका खोलीत बसून वह्या जुळवत नव्हते. शिवाय वाण्याचे दिवाळे कधी वाजले होते ते आम्हालाही माहीत होते, त्यामुळे तो जपून बोलायचा. आपल्याकडे सगळ्या वह्या एकाच कपाटात आहेत आणि आपले दिवाळे कधी वाजले ते आम्हाला कोणी सांगत नाही. माझे गुपित कोणाला कळले याचे दुःख नाही. मी कोणापुढे कोण असतो हे ठरवायचा अधिकार गेला, याचे आहे. ऑफिसात मी हेडक्लार्क, घरात बाप, लोकलमध्ये खिडकीपाशी बसून भलतेच काहीतरी पाहणारा एक इसम. या तिघांची ओळख मी कधी करून दिली नव्हती. ती आपण परस्पर करून दिलीत.

आपल्या घराण्याची ही परंपरा जुनी आहे, तिचा गौरव झाला पाहिजे. २००७ साली फेसबुकने ‘बीकन’ नावाची योजना काढली. माणूस दुसऱ्याच संकेतस्थळावर खरेदी करायचा आणि इकडे त्याच्या मित्रमंडळींना बातमी लागायची. एका अमेरिकन गृहस्थाने बायकोला नकळत भेट द्यायची म्हणून हिऱ्याची अंगठी घेतली, तर अंगठीआधी बातमी घरी पोचली. खटले झाले, २००९मध्ये योजना गुंडाळली. गुंडाळली ती फक्त जाहीर बोंब, जोडणी नाही. १ मार्च २०१२ पासून गूगलने आपली साठाहून अधिक निवेदने एकत्र करून एकच गोपनीयता धोरण आणले. मेल, शोध, व्हिडिओ या सगळ्यांत आपण कोण आहोत ते एकत्र पाहायची सोय झाली. आमच्या हॉलमधल्या त्या रात्रीचे बी असे तेव्हाच, दूर कॅलिफोर्नियात रुजले.

पुढचा नमुना तर दाद देण्यासारखा आहे. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेतले, तेव्हा युरोपियन आयोगाला सांगितले की दोन्हीकडची खाती एकमेकांशी आपोआप आणि खात्रीशीर जुळवणे आपल्याला शक्य नाही. २०१६मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने धोरण बदलले आणि फोन नंबर फेसबुककडे जाऊ लागले. आयोगाने चौकशी केली तर ही जुळवाजुळव २०१४मध्येही शक्य होती आणि कंपनीच्या लोकांना ते माहीत होते. दंड झाला ११ कोटी युरो. आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१च्या ‘मान्य करा नाहीतर चालते व्हा’ छापाच्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकलाच, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. आमच्या घरात धाकट्याने मोठ्याची वही वाचली तर एक धपाटा मिळायचा आणि अपील आजीकडे असायचे. तेही फेटाळले जायचे.

आणि तो ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ मागितलेला फोन नंबर! भाबड्या माणसाला वाटते, चोर आला तर आपल्याला फोन येईल. २०२२मध्ये ट्विटरने १५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. खाते सुरक्षित राहावे म्हणून लोकांनी दिलेले नंबर आणि ईमेल जाहिराती नेमक्या माणसाला दाखवायला वापरले, असा आरोप होता. म्हणजे कुलूप लावायला आलेल्याने जाताना घरात काय काय आहे त्याची यादी दुकानदाराला दिली.

आपल्या देशात या सगळ्याची नाडी मोबाइल नंबरात आहे. आधार त्यावर, पॅन आधारवर, बँक पॅनवर, गॅस बँकेवर. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये सांगितले की बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती करता येणार नाही. निकाल आला तोवर निम्म्या देशाने रांगा लावून जोडून टाकले होते, आणि जोडलेले कोणी तोडून दिल्याचे ऐकिवात नाही. त्यातही नंबर ज्याचा त्याचा असतो असे नाही. आमच्या गावाकडच्या काकूंची पेन्शन, विजेचे बिल, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख, सगळे पुण्यातल्या मुलाच्या फोनवर येते. काकूंनी स्वतःच्या पैशातून भाचीला दोन हजार दिले, की पुण्याहून फोन : “आई, कशाला काढलेस?” ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत २०२५मध्ये बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागितले, तेव्हा विधवांनी ओटीपी कोणाच्या फोनवर मागवावा हा प्रश्न उभा राहिला आणि मुदत वाढवावी लागली. पैसा बहिणीचा, खाते बहिणीचे आणि टिकटिक दुसऱ्याच्या खिशात.

अर्थात तोडण्याची सोय आपण ठेवलेली आहे, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. सेटिंगमध्ये जावे, तिथून खात्यात, तिथून ‘सुरक्षितता’, तिथून ‘इतर’, तिथून ‘अधिक’. मग एक निळेशार, रुंद बटण येते : ‘जोडून ठेवा’. त्याच्याखाली करड्या अक्षरांत, बटण आहे की तळटीप ते कळू नये अशा बेताने : ‘तरीही तोडा’. ते दाबले की एक रडका चेहरा विचारतो, तुम्ही का जाताय? सहा कारणे दिलेली असतात, त्यांत ‘मला राग आला आहे’ हे कारण नसते. पुढे जायचे तर ओळख पटवा. ओळख पटवायची तर जे खाते तोडायचे आहे त्यातूनच आत या. एवढे करून तोडले, तर दुसऱ्या दिवशी त्या अ‍ॅपचा मेसेज येतो की आपली फार आठवण येते. कुठल्या खात्यावरून आठवण आली, ते विचारायची सोय नाही.

आता कायद्याचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. खटला लढवणारे पुट्टस्वामी स्वतः कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि तेव्हा नव्वदी ओलांडून गेलेले. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३मध्ये, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची सवलत. चूक आपली असेल तर दंड २५० कोटींपर्यंत आहे, हे वाचून मला गहिवरून आले. पण पुढे वाचले, तर कर्तव्ये माझ्यासाठीही आहेत. मी खोटी किंवा उथळ तक्रार केली, तर मला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून या पत्रातली तक्रार खरी आहे हे इथेच लिहून ठेवतो. उथळ आहे की नाही ते मेव्हण्यांना विचारावे.

त्याच कायद्यात एक चांगले वाक्य आहे. त्याचा मथितार्थ असा की संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. माझे मागणे या वाक्याच्या पलीकडे नाही. मी एका बोटाने ‘हो’ म्हटले होते, मला एका बोटाने ‘नाही’ म्हणू द्या. फोनवर जे पाहिले ते फोनवर राहू द्या. सुरक्षेसाठी दिलेला नंबर सुरक्षेपुरता वापरा. नवे काही जोडायचे असेल तर आधी विचारा, आणि ‘नंतर विचारा’ व ‘हो’ या दोनच पर्यायांत विचारू नका.

कळावे. आपला आमच्यावर लोभ आहेच, तो आणखी वाढवू नये ही विनंती.

आपला,
एक खातेदार
(पूर्ण नाव, पत्ता व सही आपल्या दप्तरी आहेच.)

ता. क. : हा मजकूर अधिकाऱ्यांसाठी नाही, वाचकांसाठी आहे. ते पाहत नाहीत, त्यामुळे निर्धास्त वाचा. आपल्या मुख्य ईमेल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘थर्ड-पार्टी अ‍ॅप्स’ अशी एक यादी असते. कधीकाळी एकदाच उघडलेली फोटो सजवायची, राशिभविष्याची, कोडी सोडवायची अ‍ॅप तिथे अजून दार उघडे धरून बसलेली असतात, ती काढून टाका. आणि जुने सिम बंद करायच्या आधी बँक, ईमेल आणि आधारवरून तो नंबर बदलून घ्या. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस राखून ठेवतात आणि नंतर तो नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो.