बारा टक्क्यांचा जावई

(रिकामा रंगमंच, एक खुर्ची. तो खांद्यावर लांबलचक केबल टाकून येतो. भिंती चाचपतो.)

या हालमधी 15 अँपिअरचं सॉकेट कुठं हाय जी? (विंगेत डोकावून) हां, सापडलं! (पिन खोचून येतो) हासू नका. पहिले मी कोणाच्या घरी गेलो का पाणी मांगत होतो. आता सॉकेट मांगतो.

औंदा इलेक्ट्रिक गाडी घेतली. पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. गोंदियात काही वाटलं नाई. पण नवेगाव-नागझिऱ्याच्या अंगानं गेलो ना बाप्पा, सरपण घेऊन चाललेल्या बाया मोळ्या टाकून झुडपात! त्यायले वाटलं, वनखात्याची धाड आली. काच खाली करून म्हणलो, "मावशे, मी फॉरेस्टवाला नाई, हप्तेवाला हाय!" तं ती अजून आत पळाली.

अन् आवाज? नाईच. पेट्रोलची गाडी आली का रस्त्यात बसलेली म्हैस निदान कान हलवते. माही गाडी तिच्या शेपटीपाशी जाऊन उभी, तिले पत्ताच नाई! शेवटी मीच उतरून घुरघुरलो. (घुरघुरतो) तवा उठली. मेहरबानी केल्यासारखी.

कागदावर एका चार्जिंगले 300 किलोमीटर लिहून हाय. मी विचारलं, मोजले कोणं? तं म्हणे पुण्यात, रोलरवर. आता पुण्यानं मोजलं म्हणजे चूक आपल्याच रस्त्याची! पण रोलरवर ना चढ, ना एसी, ना मागच्या सीटवर साळा. माही बायको तं साफ म्हणते, "तुमच्या बहिणीकडं जातानी एसी चालू, अन् माह्या माहेरी जातानी बॅटरी कमी!"

मंडईच्या जत्रेच्या दिवशी तेच झालं. सकाळी गोंदियाहून नागपूरले गेलो, 150 च्या वर किलोमीटर. साळ्याले घेतलं अन् निघालो सासुरवाडीले, अर्जुनी मोरगावकडं. मोबाइलमधी हायवेवर एक चार्जर दिसला. पोचलो, तं चार्जरले टेकून धानाचे पोते! मालक म्हणे, "पाच मिनिटं, ट्रॅक्टर येऊनच राहिला." दीड घंट्यानं आला. मंग ओटीपी आला नाई. ओटीपी आला तं वॉलेटमधी पैसे नाई. पैसे टाकले तं थोडीशी चार्ज करून मशीनच झोपली.

12 टक्क्यांवर सासुरवाडी गाठली. जावयानं दारात पाय धुवाचे, मी पहिले मीटर पाहिलं. सासऱ्याले म्हणलो, "मामाजी, गाडीले लावायचं हाय." ते म्हणे, "एकच पॉइंट हाय, त्याच्यावर पाण्याची मोटर." मी म्हणलो, "माहीबी मोटारच हाय!" पिन खोचली अन् गावाची लाइट गेली. सासऱ्यानं माह्याकडं असं पाहिलं, जसं मीच बटन दाबलं.

आता पाहा, आपल्या तिरोड्याले 3300 मेगावॉट वीज तयार होते. माह्या गाडीले पाहिजे 3.3 किलोवॉट. म्हणजे एकटं तिरोडं एका वक्ती 10 लाख गाड्या चार्ज करते. मी एकावरच अडलो जी!

पण मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक राहते. अन् नाटकाले राहते जनरेटर. गाडीले लागते पुरी रात, नाटकबी चालते पुरी रात. असा जुळून येणारा जोडा पत्रिका पाहूनबी भेटत नाई! हळूच मंडपामागं केबल नेली.

पहाटे तीनले हिरोची माय मरून राहिली होती. लाइट मंद... अजून मंद... बाया हमसून हमसून रडल्या. माही बायको म्हणे, "अहो, काय जीव लावून काम करते जी!" माहे डोळे मोबाइलवर. 61 टक्के. मनात म्हणलो, माय, अजून थोडी तडफड.

सकाळी जनरेटरवाला चिठ्ठी घेऊन दारात. 8 लिटर डिझेल! चिठ्ठी नेमकी बायकोच्या हाती.

"काहो, आपली गाडी विजेवर चालते ना?"

"हो ना."

"मंग हे डिझेल कोणाचं?"

(घाम पुसत) म्हणलो, "मायच्या तेराव्याचं..."

(रंगमंचावरचे दिवे मंद होऊ लागतात. तो वर बघतो, मग विंगेतल्या केबलकडे, मग प्रेक्षकांकडे.)

बसा, बसा. अजून 39 टक्के बाकी हाय.

(अंधार.)