सूटवाल्याची कुंडली

जी-मॅन कोण आहे? 1998 साली ‘हाफ-लाइफ’ आला तेव्हापासून फॅन मंडळी या एका प्रश्नाला चिकटून बसली आहेत. उत्तरं ढिगाने आली. टिकलं एकही नाही.

ज्यांनी व्हॉल्व्ह कंपनीची ही सिरीज खेळलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ब्लॅक मेसा नावाचं संशोधन केंद्र. तिथला तरुण शास्त्रज्ञ गॉर्डन फ्रीमन. एक प्रयोग फसतो, दुसऱ्या जगातले प्राणी आत घुसतात, पाठोपाठ तोंड बंद करायला लष्कर येतं. या धुमश्चक्रीत सूट घातलेला, ब्रीफकेस धरलेला एक माणूस शांतपणे हिंडत असतो. काचेपलीकडे दिसतो. तुम्ही धापा टाकत तिथे पोहोचता, तर गायब.

नावसुद्धा त्याने सांगितलेलं नाही. ‘जी-मॅन’ हे गेमच्या फायलीत सापडलं, खेळाडूंनी तेच रूढ केलं.

आता थिअऱ्या. सगळ्यात लाडकी म्हणजे, जी-मॅन हा भविष्यातला गॉर्डनच. काळ उलटा ओलांडून स्वतःलाच वाट दाखवायला आलेला. ही थिअरी मरत नाही याचं कारण सोपं आहे. गॉर्डन अख्ख्या सिरीजमध्ये एक शब्द बोलत नाही. मुक्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवता येतं.

दुसरी थिअरी, तो कंबाइनचा हस्तक. कंबाइन म्हणजे पृथ्वी बळकावणारं परग्रही साम्राज्य. 2020 साली ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ आला आणि कळलं की कंबाइनने त्यालाच कोंडून ठेवलं होतं. थिअरी तिथेच निकालात निघायला हवी होती. निघाली का? छे. नवी पुरवणी जोडली गेली.

मायकल शापिरो या एकाच नटाने जी-मॅनला आणि गॉर्डनचा दोस्त बार्नी याला आवाज दिलाय. म्हणून दोघांचं नातं जोडायचं? ते त्या नटाचं कसब आहे. पुरावा नव्हे.

या सगळ्यांचा हट्ट एकच. अनोळखी माणूस ओळखीचाच निघाला पाहिजे. नायक स्वतः, नाहीतर त्याचा मित्र, नाहीतर त्याचा शत्रू. कोणीही चालेल, फक्त परका नको. का? कारण परक्याची भीती वाटते, आणि ओळख पटली की ती उतरते. अहो, पण ती भीती हाच तर त्या पात्राचा प्राण आहे!

तो कोण हे सोडा. तो करतो काय ते बघा.

‘हाफ-लाइफ’ची खरी करामत इथे आहे. त्या काळात बरेच गेम मध्येच थांबून सिनेमासारखं दृश्य दाखवायचे आणि तेवढा वेळ खेळाडूने हातावर हात ठेवून बसायचं. इथे तसं नाही. पहिल्या क्षणापासून तुम्ही गॉर्डनच्या डोळ्यांतून बघता. शास्त्रज्ञ समोर उभा राहून काही महत्त्वाचं समजावत असला, तरी तुम्ही पाठ फिरवू शकता, उड्या मारू शकता, बत्ती लावू-विझवू शकता. पाय तुमचे, मान तुमची. कोणी हिरावून घेत नाही.

जी-मॅन घेतो.

त्याच्यासमोर शस्त्रं चालत नाहीत. तो बोलतो, नको तिथे श्वास घेतो, भलत्याच अक्षरावर जोर देतो, आणि त्याचं संपेपर्यंत तुम्हाला ऐकावं लागतं. पहिल्या गेमच्या शेवटी तो दोन पर्याय देतो. माझी नोकरी पत्कर, नाहीतर नि:शस्त्र अवस्थेत परग्रही फौजेपुढे उभा राहा. 2004 च्या ‘हाफ-लाइफ 2’मध्ये कंबाइनच्या गडाच्या माथ्यावर स्फोट होतो, काळ गोठतो, हा पडद्यामागून आल्यासारखा येतो आणि गॉर्डनला उचलून नेतो. या वेळी पर्यायाचा देखावाही नाही.

आणि 2020 मध्ये? कैदेतून सोडवल्याबद्दल तो त्या गेमची नायिका अ‍ॅलिक्स व्हान्सला बक्षीस देऊ करतो. पोरगी म्हणते, कंबाइनला पृथ्वीवरून घालव. तो नाही म्हणतो. माझ्या मालकांच्या हितात ते बसत नाही, अशा अर्थाचं काहीतरी. त्याऐवजी तिच्या बापाचा, इलायचा, पुढे होणारा मृत्यू दाखवतो. ती बापाला वाचवते. किंमत? गॉर्डनच्या जागी जी-मॅनच्या ताब्यात ती स्वतः.

मालक! म्हणजे हा देव नाही, सैतान नाही. हासुद्धा नोकर. खिडकीपलीकडे बसून ‘वरून ऑर्डर आहे’ म्हणणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याचं आडनाव कळल्याने कोणाचं काम झालंय?

याच सिरीजमधल्या 1999 च्या ‘अपोझिंग फोर्स’मध्ये अ‍ॅड्रियन शेफर्ड नावाचा सैनिक आहे. जी-मॅन एकदा त्याच्या सुटकेचं दार बंद करतो, पुढे एकदा मरता मरता त्याला वाट उघडून देतो. शेफर्ड अणुबॉम्ब निकामी करतो, हा जाऊन तो पुन्हा चालू करतो. याला भला म्हणायचं की बुरा? हिशेब त्याच्या मालकांकडे आहे, आणि मालक आपल्याला दिसत नाहीत. जन्मकुंडली मांडून हे कोडं सुटत नाही.

मग थिअऱ्यांचं हे पीक आलं कुठून? याचं उत्तर मात्र व्हॉल्व्हने द्यायचं आहे. 2007 साली ‘हाफ-लाइफ 2’चा ‘एपिसोड टू’ संपला तो इलायच्या प्रेतावर, बापाला कवटाळून रडणाऱ्या अ‍ॅलिक्सवर. तिसरा भाग आलाच नाही. तेरा वर्षं गोष्ट तिथेच लटकली. गोष्ट अर्धवट सोडल्यावर लोक तर्क करणार नाहीत तर काय करतील?

सिरीजचे लेखक मार्क लेडलॉ 2016 मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्यांनी पात्रांची नावं बदलून, पत्राच्या रूपात, तिसऱ्या भागाचं कथानक लोकांपुढे ठेवलं. आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. त्या पत्रातही जी-मॅनची जागा घेणारं पात्र अ‍ॅलिक्सच्या जागी असलेल्या पात्राला घेऊन जातं आणि नायकाला मागे सोडतं. ते आहे कोण? लेडलॉंनी तिथेही सांगितलं नाही. ज्याने पात्र इतकी वर्षं लिहिलं, त्याला हे उत्तर गोष्टीसाठी लागलंच नाही. आपल्याला कशाला हवं?

2020 च्या गेमच्या शेवटी इलाय जिवंत आहे, पोरगी गायब आहे, आणि गॉर्डनच्या हातात त्याची जुनी पहार परत आली आहे. व्हॉल्व्हने जी-मॅनचं बारसं कधीच करू नये. पण अ‍ॅलिक्स कुठे आहे, तिला सोडवायला काय मोजावं लागेल, हे सांगायला हवं. ते आपलं येणं आहे.

आणि हो, 1999 पासून जी-मॅनने कोंडून ठेवलेल्या त्या शेफर्डचं काय?