हलक्या गाडीचं जड प्रकरण

पनवेलमध्ये कुठल्याही वस्तूची पहिली परीक्षा ती उचलून बघण्याची असते. पितळी डबा असो, सागवानी पाट असो, नाहीतर भाचीच्या लग्नात आलेला मिक्सर. हाताला जड लागला की माणूस समाधानाने मान हलवतो. अशा गावात मी हलकी गाडी बांधायला घेतली.

हलकी म्हणजे किती? इंग्लंडात कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली लोटस सेव्हन ही दोन माणसांची गाडी काढली. वजन पाचशे किलोंच्या आतबाहेर. दारं नाहीत, छप्पर नावापुरतं, आणि बसल्याबसल्या हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा इतकी बसकी. इंजिन वाढवलं तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन घटवलं तर सगळीकडेच पळते, असं चॅपमनचं म्हणणं होतं. गाडी सुट्या भागांत विकली जाई, कारण तयार गाडीवर तिकडे जो कर होता तो सुट्या भागांवर नव्हता. मात्र जोडणीची पुस्तिका दिली की करवाले पकडणार. म्हणून लोटसवाल्यांनी म्हणे गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचायची. हे कळल्यापासून चॅपमन मूळचा कोकणातला असावा असा माझा संशय आहे.

पुढे १९९६ साली रॉन चँपियन या शाळेतल्या मास्तरांनी अशीच गाडी अडीचशे पौंडांत घरी कशी बांधावी, याचं पुस्तकच लिहिलं. अडीचशे पौंड म्हणजे त्या वेळचे तेरा-चौदा हजार रुपये. माझा आकडा, बायको हा लेख वाचणार असल्यामुळे, इथे देत नाही.

या वेडाला आपल्याकडेही घराणं आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी चाळीसच्या दशकापासून ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीच्या मागे होते. बारा हजारांच्या आसपास सामान्य माणसाला गाडी द्यायची, हे त्यांचं स्वप्न. गाडी झाली, चालली, पण बाजारात कधी आली नाही. गोव्यात फायबरच्या अंगाची ‘सॅन स्टॉर्म’ निघाली. ती विकलीही गेली, पण विकत घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

सेव्हनच्या जातीच्या गाडीत इंजिन पुढे, लांबीत बसवलेलं आणि जोर मागच्या चाकांना, अशी रचना लागते. मारुती ८०० इथे बाद, तिची पुढची चाकं ओढतात. ओम्नीचं इंजिन तेच ७९६ सीसीचं, पण ते पुढच्या सीटखाली लांबीत झोपलेलं असतं आणि मागच्या चाकांना ढकलतं. म्हणून एक भंगारातली ओम्नी आणली. या गाडीने आयुष्यभर शाळेची पोरं वाहिली आणि तिच्या बहिणींनी हिंदी सिनेमातली निम्मी अपहरणं पार पाडली. अश्वशक्ती ३५च्या आसपास. पाचशे किलोंना ती भरपूर झाली.

सांगाड्याचं लोखंड घ्यायला कळंबोलीला गेलो. लोखंड बाजार घराजवळ आहे, हा पनवेलकराला मिळालेला आशीर्वाद आहे असं मी समजत होतो.

‘‘किती टन?’’ शेटजींनी वर न बघता विचारलं.

‘‘साठ किलो.’’

आता त्यांनी वर बघितलं. पंचवीस बाय पंचवीसचा चौकोनी पाइप, जाडी १.६ मिलिमीटर, असं मी सांगितल्यावर त्यांनी पोऱ्याला हाक मारली ती पाइप दाखवण्यासाठी नसून मला दाखवण्यासाठी होती.

पाइप वेल्डरकडे गेले. आमचा वेल्डर गेट आणि ग्रिल करतो आणि त्याने केलेलं गेट मी मी म्हणणाऱ्या पावसाला पुरून उरतं. त्याने १.६चा पाइप बोटांत धरून वाकवून पाहिला आणि माझ्याकडे करुणेने बघितलं. त्रिकोणात जोडला की पातळ पाइपही ताठ राहतो, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी जाऊन बघतो तर सांगाड्याला दोन अँगल जास्तीचे.

‘‘ताकदीला टाकले साहेब. पैसे नको.’’

अंगाचं काम आणखी नाजूक. सेव्हनच्या बाजू सपाट, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चालतो. नाक आणि मडगार्ड गोलाईचे. ते फायबरचे करावे लागतात. फायबरला साचा हवा, साच्याला आधी नाकाचा तंतोतंत नमुना हवा. नमुना मी फ्रिजच्या खोक्यातल्या थर्मोकोलचा कोरला. थर्मोकोलवर थेट रेझिन लावलं तर ते थर्मोकोल खाऊन टाकतं, म्हणून वर प्लास्टरचा थर, त्यावर पुट्टी, घासकाम, मग मेण. साच्यांचं काम कोणाकडे द्यायचं हा प्रश्न रायगड जिल्ह्यात पडूच नये. पेणला गेलो.

पेणच्या कारखान्यात बाप्पांच्या रांगांमध्ये माझं नाक ठेवलं गेलं. कारागीर काकांनी त्यावरून एकदा तळवा फिरवला आणि लगेच सांगितलं की खालची कड आत वळल्ये, एकसंध साचा अडकेल, दोन तुकड्यांत करू. हे मला इंग्रजी पुस्तकातली चाळीस पानं वाचून कळलं होतं. काकांना तळव्याने कळलं.

मग त्यांनी रेझिन कालवलं. आधी कोबाल्ट, ते नीट ढवळून झाल्यावर हार्डनर. दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, त्यामुळे बाटल्यासुद्धा दोन टोकांच्या कपाटांत. मे महिन्याचं ऊन. डब्यातलं रेझिन बघता बघता घट्ट व्हायला लागलं, डबा हाताला गरम लागायला लागला, आणि काका मात्र घाई न करता काचेच्या मॅटवर ब्रश टेचत होते. ब्रश ओढायचा नाही, टेचायचा. ओढला तर मॅट सरकते आणि हवा आत राहते. पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक झाली की थर बसला. ती काचेची कूस नंतर दोन दिवस अंगभर खाजते, ते वेगळं.

थर दोनच द्यायचे असं ठरलं होतं. तीन निघाले.

‘‘तिसरा माझ्याकडून,’’ काका म्हणाले. ‘‘आमची मूर्ती दीड दिवसाने गेली तरी चालते. तुम्हाला वापरायचंय.’’

प्रेमापोटी वाढलेलं वजन कमी करता येत नाही. तोवर घरच्यांनीही हात लावला होता. आईने पुढे बसवायला पितळेचा गणपती दिला, तो देव्हाऱ्यातल्यापेक्षा मोठा. शेजारच्या काकांनी वर कॅरिअर सुचवला. वर छप्परच नाही म्हटल्यावर ‘‘मग आधी छप्पर कर’’ म्हणाले. बायकोने एवढंच विचारलं, की पावसाळ्याचे चार महिने या गाडीत कोण बसणार. याचं उत्तर चॅपमननेही दिलेलं नाही.

आणि सगळं होऊनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नवं वाहन नोंदवायचं तर त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ते एकेका माणसाच्या खिशाचं काम नाही. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली, तेव्हा २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी हीच अडचण ओळखून जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. मी महिंद्रांच्या फोनची वाट बघत नाही. मामांची नेऱ्याकडे शेतजमीन आहे, तिथे गोल गोल फिरवायचं ठरलंय.

तिकडे गाडी टेम्पोत घालून निघालो तेव्हा आधी कळंबोलीच्या वजनकाट्यावर थांबलो. वजन कळल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. भरलेला टेम्पो काट्यावर चढवला, मग गाडी खाली उतरवून रिकामा टेम्पो चढवला. काटेवाल्याने पावतीवर मालाच्या रकान्यात न विचारता ‘भंगार’ लिहिलं. वजाबाकी आली सहाशे वीस किलो.

माझं काळीज बसलं. दोन अँगल आणि एका थराने एवढं? तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा घेऊन मामा आले. पहिल्या वेळी ते टेम्पोत बसले होते. दुसऱ्या वेळी नव्हते.

‘‘मामा, तुमचं वजन किती?’’

‘‘कशाला?’’

‘‘गाडीतून वजा करायचंय.’’

मामांनी बशीतला चहा संपवला. मामांचं वजन हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे. ‘‘धर पासष्ट,’’ ते म्हणाले.

काटेवाला पुन्हा वजन करायला पुन्हा पैसे मागत होता. मी पंच्याऐंशी धरले. ती वजाबाकी मामांना दाखवलेली नाही.