पोटाचा श्रावण

आषाढातल्या अमावास्येला बीडमध्ये एकाच संध्याकाळी दोन वेगळे सण होतात. घरात समया-निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडलेली असतात, गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे उकडत असतात. आणि घरचा कर्ता पुरुष ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बार्शी नाक्याकडं निघालेला असतो. त्याची गटारी. उद्यापासून महिनाभर बंद, म्हणून महिनाभराची आजच घेऊन ठेवायची. आधी उचल घ्यायची आणि मग अंगानं फेडत बसायचं, ही रीत ऊसतोडीच्या आमच्या जिल्ह्याला नवी नाही.

पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा मागं फोनवर मला समजावत होता. “मामा, इंग्लंडात ड्राय जानेवारी असतो. महिनाभर थेंबसुद्धा नाही. २०१३ पासून लोक करतात. तुम्ही करून बघा, पोट उतरेल.” मी म्हणालो, “बाबा रे, आपल्याकडं हे पंचांगात छापून येतं.”

फरक आहे तो एवढाच, की साहेब यकृतासाठी सोडतो आणि आपण महादेवासाठी. त्यात आमच्या जिल्ह्यात परळीला साक्षात वैजनाथ. श्रावणी सोमवारी तिथल्या रांगेत अर्धा गाव भेटतो. आदल्या रात्रीचा वास घेऊन त्या रांगेत उभं राहायची छाती कुणाची आहे? बिचाऱ्या साहेबाला हा नियम एकट्याच्या मनोबलावर पाळावा लागतो. आपल्याकडं अख्खी गल्ली पाळते. देवाचा धाक थोडा कमी पडला तर शेजाऱ्यांचा पुरतो. कायद्याचा मात्र कधीच पुरला नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याजवळ परवाना लागतो, आणि ‘परमिट रूम’ची पाटी त्यावरूनच आली. पण खिशात परमिट बाळगणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता तब्येतीचा हिशोब. एका क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि एका ग्रॅमला सात कॅलरी. म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास, ज्वारीची दीड भाकरी. शिवाय चकणा. खारे शेंगदाणे कुणी मोजून खात नाही, आणि मोजले तर ते क्वार्टरच्याही पुढं जातात. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी महिनाभर सोडणाऱ्या ९४ जणांची तपासणी केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. रक्तदाब उतरला, इन्सुलिनला न जुमानण्याची शरीराची खोड सुमारे चतुर्थांशानं कमी झाली. वजन? दीड टक्का. ऐंशी किलोच्या गड्याचं सव्वा किलो. फायदा झाला तो आतल्या आत. पट्ट्याचं भोक काही बदलायला लागत नाही.

आणि हा सव्वा किलो लंडनचा. तिथं साबुदाणा नव्हता.

आमच्या श्रावणात सोमवार धरलेला, शनिवार धरलेला, एकादश्या आहेतच. उपवास म्हटला की खिचडी, तिच्यात मूठमूठ कूट, वर तुपाची धार, शेजारी तळलेला बटाट्याचा कीस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ ऐवज. कॅलरीत तो ज्वारीला हार जात नाही, उलट ज्वारीतली प्रथिनं त्यात शोधून सापडत नाहीत. बाटलीतून येणारं बंद झालं ते ताटातून येतं. तंबाखूला तर श्रावण लागूच नाही. चुना मळताना तळहातावर थाप मारणारे माझे स्नेही म्हणतात, “ती वनस्पती आहे.”

सकाळी फिरायला जावं, तर रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. १६०० मीटरची वेळ बसवायला ती शेजारून अशी सुसाट जातात, की आपण पोट आत घेऊन बाजूला उभं राहतो. माझ्या दृष्टीनं तोच दिवसातला खरा व्यायाम.

२०२३ साली पंचांगानंच पंचाईत केली. अधिक श्रावण लागला १८ जुलैला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन महिने सरळ कोरडे. पापभीरू मंडळींनी दोन्ही पाळले. व्यवहारी मंडळींनी शास्त्र काढलं की अधिक महिना धोंड्याचा, पुरुषोत्तमाचा. त्यात श्रावणाचे नियम कसले? माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरीला दर्शनाची गर्दी लोटली होती, घरोघरी जावयांना पुरणाचे धोंडे वाढले जात होते, आणि गटारी नक्की कोणत्या अमावास्येची यावर पारावर चर्चा चालू होती. काही कर्तबगार लोकांनी गटारी दोनदा केली आणि श्रावण एकदाही नाही.

एवढं असूनही महिना वाया जात नाही. झोप गाढ लागते, सकाळी तोंड कडू नसतं, पोरगं जवळ येऊन बसतं. महिन्याअखेरीस खिशात पैसे सापडतात आणि ते कुठून आले ते चटकन लक्षात येत नाही. घरातल्या बाईला हे सगळं आधीच दिसलेलं असतं, पोळ्याची अमावास्या जवळ आली की तीच सहज विचारते, “आणखी थोडे दिवस नाही का राहता येणार? गणपती येतायत.” या प्रश्नाला इंग्लंडात काय उत्तर देतात ते भाच्याला विचारायला हवं.

एक मात्र थट्टेचं नाही. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्यांचे हात स्थिर राहत नाहीत, त्यांनी मुहूर्त पाहून एकदम तोडू नये. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, जिवावर बेतू शकतं. त्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवून घ्यावं. बाकी आपण शनिवारचे आणि लग्नकार्याचे लोक. आपण श्रावण जरूर पाळू या. फक्त खिचडी दुसऱ्यांदा वाढायला कुणी आलं, तर ताटावर हात आडवा धरा.