त्या काळी

नाना मैफलीला संगीत ऐकायला जातात असं ज्यांना वाटतं, ते त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कधी बसलेले नाहीत. नाना तपासणीला जातात.

सदाशिव पेठेतून निघालेला हा माणूस नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आला, निवृत्त झाल्यावर उट्रेख्तला स्थायिक झाला आणि मधल्या कुठल्याशा हिवाळ्यात जुन्या वाद्यांवर वाजवलेला बाख ऐकून कामातून गेला. तिकीट फुकट मिळालं होतं. फुकट होतं म्हणूनच गेले, असं काकू म्हणतात. तेव्हापासून नानांची एकच श्रद्धा आहे : बरोक काळातलं संगीत त्याच काळच्या वाद्यांवर आणि त्याच रीतीनं वाजलं पाहिजे. व्हिएन्नात हार्नोनकूर यांनी १९५३ साली त्यासाठी वाद्यवृंद काढला, इकडे ॲमस्टरडॅमला गुस्ताफ लेओनहार्ट हार्प्सिकॉर्ड घेऊन बसले, आणि या दोघांनी मिळून बाखचे कॅन्टाटा ध्वनिमुद्रित करायचं काम १९७१ पासून जवळजवळ वीस वर्षं चालवलं. नाना त्यांना 'लेओनहार्टबुवा' म्हणतात. बुवांचं नाव निघालं की हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो.

वादक येऊन बसले की नानांचं काम सुरू होतं. आधी चेलो. "खाली दांडी नाही ना? पोटऱ्यांत धरलाय ना? बरं." मग व्हायोलिनं. हनुवटी टेकवायची पट्टी असता कामा नये, कारण ती १८२० च्या सुमारास श्पोर नावाच्या व्हायोलिनवादकानं काढली. "त्या काळी नव्हती ती." मग गज बाहेरच्या बाजूला वाकलेला आहे का, ते. शेवटी खिशातून दुर्बीण निघते. ही दुर्बीण मुळात पक्षी बघायला घेतलेली. ती ट्रम्पेटवर रोखली जाते, कारण जुन्या ट्रम्पेटला कळा नसतात, सगळे सूर ओठांनी काढायचे. पण हल्लीचे बरेच वादक सूर सावरायला नळीला बारीक भोकं ठेवतात आणि ही सोय विसाव्या शतकातली. "भोकं आहेत!" नाना काकूंना सांगतात. कुजबुजून सांगतात असा त्यांचा समज आहे. परदेशात मराठी कुणाला कळत नाही, या भरवशावर त्यांनी आयुष्यभर चर्चमध्ये खणखणीत मराठीत शेरे मारले. पण हल्ली आमस्टेलव्हेनला मराठी कुटुंबं इतकी झाली आहेत की परवा पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून म्हणाली, "काका, भोकं आम्हीपण बघितली. आता ऐकू का?"

नाना खजील झाले नाहीत. मध्यंतरात तिला गाठून त्यांनी भोकांचा इतिहास सांगितला.

मध्यंतर हा नानांच्या मैफलीचा गाभा. हार्प्सिकॉर्ड पुन्हा लावायला माणूस येतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्या केसांच्या पुरुषांचं कडं जमतं. सगळ्यांचे हात पाठीमागे, माना किंचित पुढे. कुणी बोलत नाही. या कड्यात नाना नेहमी पहिल्या रांगेत. कॉफीची रांग सोडतील, हे सोडणार नाहीत. तिकडे व्हायोलिन-चेलोच्या आतड्याच्या तारा म्हणजे हवेची गुलाम जात. श्रोत्यांनी सभागृह भरलं, ऊब वाढली, की तारांचा सूर ढळलाच. म्हणून दर रचनेनंतर पुन्हा लावालावी. आणि थिओर्बो नावाचं जे लूटच्या जातीचं, लांबलचक मानेचं, चौदाएक तारांचं वाद्य असतं, त्याचा वादक तर बिचारा कार्यक्रमभर मान खाली घालून खुंट्याच पिळत असतो. लूटवाला ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ वर्षं वाद्य लावण्यात गेली समजा, असा टोमणा माटेझोन या जर्मन संगीतकारानं १७१३ सालीच मारून ठेवला आहे. नानांना हा टोमणा वाटत नाही. त्यांना हेवा वाटतो.

पुण्याहून आलेल्या मेव्हण्यांना एकदा ते कौतुकानं घेऊन गेले. वाद्यवृंद दोन-चार मिनिटं वाद्यं लावून थांबला आणि मेव्हण्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. काकू खुर्चीत खाली सरकल्या. नाना मात्र उजळले. "बघ, याला कळलं! सगळ्यात शुद्ध तेवढंच वाजलं आज." सारंगीलाही आतड्याचीच तार असते, हे मेव्हण्यांना त्या रात्री जेवताना ऐकावं लागलं.

जेवताना हा विषय काढावा का, असं काकू म्हणतात. कारण नाना कट्टर शाकाहारी. हॉटेलात साध्या टोमॅटोच्या सूपचीसुद्धा उलटतपासणी होते : कशाच्या पाण्यात शिजवलं, चमचा कुठला वापरला. आणि तोच माणूस मेंढीच्या आतड्याची तार स्टीलपेक्षा कशी मऊ बोलते, हे डोळे मिटून सांगतो. गजाला घोड्याचे केस, हार्प्सिकॉर्डची तार छेडायला कावळ्याच्या पिसाची टोकं. "आपण मैफलीला आलोय की गोठ्यात?" असं काकूंनी एकदा विचारलं होतं.

कावळ्याचं प्रकरण घरापर्यंत आलं. नानांनी हार्प्सिकॉर्डचे सुटे भाग मागवले आणि दोन हिवाळे खपून दिवाणखान्यात वाद्य उभं केलं. त्यात तार छेडणारी टोकं प्लास्टिकची आली होती. झालं! निवृत्त इंजिनियर उट्रेख्तच्या बागांमधून कावळ्यांच्या मागे फिरू लागले. "इथे पिंडाला कावळा शिवायची पंचाईत," काकू म्हणतात, "आणि ह्यांना त्याचीच पिसं हवीत." आता त्या घरात वाद्याला मानवेल तेच हवामान असतं. हीटर मंद, आर्द्रतेचं यंत्र चालू, काकू स्वेटरवर शाल घेऊन स्वयंपाकघरात. झाकणावर फुलदाणी ठेवायची नाही, शेजारी कुकर लावायचा नाही. पाहुणे आले की नाना तासभर वाद्य लावतात आणि दोन मिनिटं वाजवतात. तेवढ्यात ते उतरतं आणि नाना समाधानानं पुन्हा किल्ली हातात घेतात.

माणसांचेही त्यांनी दोन वर्ग पाडले आहेत. आजचा वाद्यवृंद 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर लावतो, बरोकवाले ४१५ वर, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. त्यामुळे जो सबुरीनं बोलतो, चहा बशीत ओतून पितो, तो नानांच्या लेखी 'चारशे पंधरा'. जावई चारशे चाळीस. सगळे मॅनेजर चारशे चाळीस. त्यांचा एक डच मित्र आहे, शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेला. त्यानं एकदा शांतपणे सांगितलं की त्या काळी गावोगाव सूर वेगळा होता आणि ४१५ हा आकडा आपल्याच काळातल्या लोकांनी सोयीसाठी ठरवलेला आहे. नाना आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्या दोघांचं तसं आधीपासूनच बिनसलेलं. बाखच्या कोरसमध्ये दर आवाजाला एकच गायक असे, असं जोशुआ रिफकिननं १९८१ साली मांडलं. मित्र रिफकिनच्या घराण्यातला, नाना भरगच्च कोरसवाले. सायकलवरून शेजारी शेजारी जातानाही हा वाद चालू असतो आणि मागून येणाऱ्यांना घंटी वाजवून दमायला होतं.

तरीही गुड फ्रायडेला दोघं नार्डनला एकत्रच जातात. नेदरलँड्स बाख सोसायटी १९२१ मध्ये स्थापन झाली तीच मुळी तिथल्या ग्रोटे केर्कमध्ये 'सेंट मॅथ्यू पॅशन' करण्यासाठी. वर रंगवलेलं लाकडी छत, खाली पावणेतीन तासांचं काम. त्या काळी गाद्या नव्हत्या, हे सांगत नाना स्वतःची गादी पसरतात. बाखच्या वेळी लायप्झिगला दोन भागांच्या मधे प्रवचन असायचं. ती परंपरा आता नाना सांभाळतात.

ऐन भरात आले की नाना हातातली काठी जमिनीवर आपटून ताल धरू लागतात. त्यावर काकूंकडे एक शब्दाचा उपाय आहे : "ल्युली!" फ्रेंच राजाचा हा संगीतकार लांब काठी आपटून ताल देताना स्वतःच्याच पायावर मारून बसला, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये त्यातच गेला. ही गोष्ट काकूंना नानांनीच सांगितली होती. काठी थांबते.

आणि कधीतरी शिंगवाल्याचा सूर फुटतो. बिनकळांचं शिंग ते, फुटायचंच. सभागृहभर लोक दातात जीभ धरतात. नाना एकटे हसत असतात. दुसऱ्याच्या चुकीवर इतक्या मायेनं हसणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्या क्षणी ते अजिबात तपासनीस नसतात. तो वादक मूळ वाटेनं चढताना घसरला, शिडी लावून चढला नाही, एवढ्यावर त्यांचं मन भरून येतं. कार्यक्रम संपल्यावर दाराशी थांबून ते त्यालाच शोधून हात मिळवतात. त्याला बिचाऱ्याला वाटतं, चिडवताहेत.

नात व्हायोलिन शिकते. स्टीलच्या तारा, हनुवटीची पट्टी, सूर ४४० चा, म्हणजे सगळंच नानांच्या विरुद्ध. तिच्या शाळेच्या कार्यक्रमात तिनं विवाल्दी वाजवला. काकूंच्या धाकानं नाना पूर्ण वेळ गप्प बसले. घरी आल्यावर मात्र राहवलं नाही. "छान वाजवलंस हो. फक्त ती पट्टी काढून एकदा बघ. त्या काळी नव्हती."

"आजोबा," नात डच वळणाच्या मराठीत म्हणाली, "मग तुम्ही कवळी काढून जेवा. त्या काळी कवळी कुठे होती?"

जावई हसला, मुलगी हसली. नानांनी घास खाली ठेवला.

"होती! जॉर्ज वॉशिंग्टनला होती. लोक म्हणतात लाकडाची, ते साफ चूक. पाणघोड्याच्या दाताची होती."

"मेंढी झाली, घोडा झाला, कावळा झाला," आमटी वाढता वाढता काकू म्हणाल्या. "आता पाणघोडा."